तीन केंद्रं, एक लिफ्ट

इतका गोड आवाज खरा असूच शकत नाही, असं मी आईच्या कानात कुजबुजले आणि आईने मला कोपराने ढोसलं. फोन स्पीकरवर होता. मिठाच्या डबीला टेकवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला होता, आणि त्यातून एक माणूस लोणी वितळावं तसा पाझरत होता.

"ताई, तुम्ही एकट्या नाही आहात. आम्ही आहोत ना."

लोणी. मी त्याच क्षणी त्याचं नाव ठेवलं.

आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, बाबांनी दोन शब्द उच्चारले होते: "जाऊ या." हे दोन शब्द ऐकायला आईने चार वर्षं घालवली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. शहरातल्या अर्ध्या उंच इमारती आमच्या बाबांच्या भरवशावर वरखाली होतात, असं मी लहानपणी सगळ्यांना सांगत सुटायचे. पण मागच्या आठवड्यात एका इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीपर्यंत त्यांना शिडी चढता आली नाही, इतके हात थरथरत होते. त्यांनी खालीच बसून "तपासलं, सर्व ठीक" असं लिहून सही ठोकली. साहेबांना कळलं. साहेब ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट. "दोन आठवडे रजा घे, दारूचं काय ते बघ, नाहीतर येऊ नकोस," एवढंच म्हणाले.

म्हणून "जाऊ या", म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात. आणि बाबांचं "जाऊ या" किती टिकतं ते आम्हाला पाठ आहे. दहीसुद्धा त्याहून जास्त दिवस राहतं. त्यामुळे आई घाईत होती, आणि इंटरनेटवर "मोफत मार्गदर्शन, एक फोन करा" असं सगळ्यात वर दिसलं, तिथे तिने फोन लावला.

"विमा कुठल्या कंपनीचा आहे ताई? कार्डाचा फोटो पाठवाल का? पुढची बाजू आणि मागचीही."

आईने पाठवला.

"छान. पत्ता? छान. बुधवारी सकाळी नऊला गाडी तुमच्या दारात. तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त आजपासून त्यांना एक थेंबही द्यायचा नाही, बरं का. एक थेंबही नाही."

मी थांबले. वाट बघत होते की आता तरी हा विचारेल, काय पितात, किती पितात, कधीपासून. नाहीच. आमच्या वर्गात नवीन मुलगी आली तरी आम्ही तिला याहून जास्त प्रश्न विचारतो!

"काका, तुमची नोंदणी आहे का?" मी फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारलं.

आईने डोळे वटारले. बाबा बाहेरच्या खोलीत होते, त्यांचं खोकणंसुद्धा थांबलं.

हे मला कुठून सुचलं ते सांगते. गेल्या महिन्यात शाळेत वादविवाद स्पर्धा होती, विषय "नियम माणसाला वाचवतात का?" आणि मी, जी सातवीपर्यंत बाईंना "पाणी पिऊन येऊ का" विचारायलाही मैत्रिणीला पुढे करायची, ती पहिली आले. ढाल मिळाली. तेव्हापासून माझ्या जिभेला असं काही वंगण लागलंय की विचारू नका. तर त्या तयारीत मी एक नवा सरकारी नियम वाचला होता: पेशंटला व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवायचं काम जो कुणी करतो, त्याने सरकारदरबारी नोंदणी करायची. आधी पेशंटची नीट विचारपूस करायची. एकच केंद्र गळ्यात मारायचं नाही, निदान तीन तरी सुचवायची. आणि केंद्राकडून त्याबद्दल पैसे मिळत असतील तर तसं लेखी सांगायचं.

लोणी हसला. "हुशार आहे हो मुलगी तुमची. घे बेटा, लिहून घे." आणि त्याने नोंदणी क्रमांक सांगितला, सावकाश, दोनदा.

मी सरकारी यादीत शोधला. क्रमांक खरा होता. नाव खरं होतं. शिक्का, तारीख, सगळं जिथल्या तिथे. माझी हवाच गेली.

"झालं समाधान?" आई म्हणाली आणि उठून तिने कपाटातली बाटली मोरीत ओतली. बाबा दारात उभे राहून बघत होते.

संध्याकाळी लोण्याने तीन केंद्रांची माहितीपत्रकं पाठवली. नियमाप्रमाणे तीन! एकावर उगवता सूर्य, दुसऱ्यावर पिंजऱ्यातून उडालेला पक्षी, तिसऱ्यावर ओंजळीत रोपटं. तिघांचे पत्ते शहराच्या तीन टोकांना, तिघांचे फोन वेगळे. "तुम्हीच निवडा," त्याने लिहिलं होतं. "आमचा कसलाही आग्रह नाही."

आता यात चूक काढणार तरी कुठे? पण सगळं इतकं बरोबर होतं की मला चैन पडेना. माझ्या वहीत सगळं इतकं बरोबर असतं तेव्हा मी ते कुणाच्या तरी वहीतून उतरवलेलं असतं.

सोमवारी शाळेतून आले तेव्हा बाबा टेबलाशी बसून गजराचं घड्याळ उघडत होते. हातांना काम हवं म्हणून. स्क्रू त्यांच्या बोटांतून दोनदा निसटला. कपाळावर घाम होता आणि पंखा तर जोरात चालू होता.

"मी तिन्ही ठिकाणी फोन करून बघणार आहे," मी जाहीर केलं.

"करा वकीलसाहेब," बाबा वर न बघता म्हणाले. ढाल आल्यापासून मी त्यांची वकीलसाहेब झाले होते.

सूर्यवाल्यांना लावला. एक बाई बोलल्या, खाट आहे म्हणाल्या, वातावरण घरच्यासारखं आहे म्हणाल्या. पक्षीवाल्यांना लावला. दुसऱ्या बाई, तेच म्हणाल्या. रोपटंवाल्यांना लावला. तिथे पुरुष होता, त्याचंही वातावरण घरच्यासारखं होतं. मी फोन ठेवणार, इतक्यात बाबांनी हात वर केला.

"थांब. पहिल्याला परत लाव."

"का?"

"काहीही विचार. जेवणाचं विचार. बोलत राहा फक्त, मला मागचं ऐकायचंय."

मी लावला. बाई जेवणाचं सांगत राहिल्या आणि बाबा डोळे मिटून फोनवर वाकले, डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात ना, अगदी तसे. मग म्हणाले, दुसरा. मग तिसरा. प्रत्येक वेळी त्यांचा हात टेबलावर हळूच आपटायचा: एक, दोन.

"ऐकलंस?"

"नाही."

"टिंग-टिंग-टुंग. लिफ्ट आल्याची घंटा. मग दार. बंद होताना दोनदा अडखळतं, खर्र, खर्र, आणि मग लागतं. लिफ्टच्या दाराला खाली बूट असतो, खाचेतून सरकतो तो. तो झिजलाय. एका बाजूने."

"पण बाबा, सगळ्या लिफ्टचे आवाज सारखेच असतात ना?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी म्हटलं होतं की सगळ्या माणसांची तोंडं सारखीच असतात.

"तिन्ही ठिकाणी तेच दार आहे," ते म्हणाले. "एकच इमारत. एकच मजला, फोन लिफ्टच्या जवळच ठेवलाय. शहराच्या तीन टोकांना एकच बूट एकाच बाजूने झिजत नाही गं."

मला नाचावंसं वाटलं! सापडलं! तीन सुचवायची असा नियम, म्हणून एकाचीच तीन केली. तीन पाट्या, तीन फोन, आत एकच खोली! मी टाळ्या वाजवल्या. बाबाही हसले, कित्येक महिन्यांनी, आणि त्यांचा चेहरा जुना दिसला, म्हणजे जुन्या दिवसांतला.

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणजे ठरलं," ते म्हणाले. "सगळे चोर आहेत. कुठेही जायचं नाही."

माझे हात टाळीच्या मधेच राहिले.

संध्याकाळी आई आली. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते, दिवसभर डोळे बारीक करून करून तिचं डोकं दुखत असतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बाबांवर नाही, माझ्यावर चिडली.

"तुला ढाल मिळाली ती शाळेत मिळाली. ती घरात कशाला चालवतेस?"

"अगं पण ते फसवतायत!"

"फसवू देत ना! निदान तुझे बाबा तिथे गेले तरी असते!" ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ते ऐकू आलं. ती खुर्चीवर बसली. शेजारी बाबांची बॅग भरून ठेवलेली होती, वर घडी घातलेला टॉवेल.

"उद्या माझी अर्धी सुट्टी आहे," ती म्हणाली. "ते नोंदणीचं ऑफिस कुठे आहे?"

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाने शाळेतून सुटले आणि आम्ही गेलो. चौथा मजला, लांबलचक व्हरांडा, टेबलावरचा स्टेपलरसुद्धा दोरीने बांधलेला. इथे कुणाचा कुणावर विश्वास नाही हे बघून मला फार बरं वाटलं. टेबलामागे एक बाई होत्या. वयाने आईपेक्षा मोठ्या, चष्मा सारखा नाकावरून घसरत होता.

मी लिफ्टची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी लिहून घेतली.

"पुरावा?"

"माझ्या बाबांचा कान."

"कान जोडता येत नाही अर्जाला," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण लिहिलं. "बघ, नोंदणी म्हणजे त्यांनी कागद दिले आणि कागद बरोबर होते. कागदावर तीन पत्ते आहेत."

"जाऊन बघितलं कुणी?"

"आम्ही चार जण आहोत. नोंदलेल्या सेवा तीनशे. तुमच्या तक्रारीवर पंधरा दिवसांत कुणीतरी जाईल."

"पंधरा दिवस आमच्याकडे नाहीत हो," आई म्हणाली. "त्यांचा होकार उद्यापर्यंतसुद्धा टिकेल की नाही माहीत नाही. तुम्हीच एखादं चांगलं केंद्र सांगा."

"मला सांगता येत नाही."

"का?"

"सांगितलं तर ती शिफारस झाली. नोंदणी नसलेल्याने शिफारस करायची नाही. माझी नोंदणी नाही."

मी तोंड उघडून बघतच राहिले. "म्हणजे ज्यांना सांगता येतं त्यांच्यावर विश्वास नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना सांगता येत नाही?"

"तू वादविवादात भाग घेतेस का?" बाईंनी विचारलं.

"पहिली आले."

"वाटलंच."

त्यांचा चष्मा पुन्हा घसरला. आईने पर्समधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, "द्या जरा," म्हणाली, आणि बाईंनी काही म्हणायच्या आत तिने नाकावरच्या टेकूचा स्क्रू दोन वळसे पिळून चष्मा परत दिला. मी आईला टेबलाखालून लाथ मारली. सरकारी ऑफिसात अधिकाऱ्याचं काम फुकट करून द्यायचं? ही लाच झाली! आईने मलाच उलट लाथ मारली.

बाईंनी चष्मा घातला, मान हलवून बघितली. घसरला नाही.

"शिफारस करता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण केंद्रांची नोंदवही सगळ्यांसाठी खुली आहे. कुणी विचारलं तर मला वाचून दाखवता येतं. विचार."

मी खुर्ची पुढे ओढली. "दोन वर्षांत एकही तक्रार खरी न ठरलेली?"

बाईंनी अकरा नावं वाचली.

"त्यातली, डॉक्टर चोवीस तास असतो अशी?"

चार.

"त्यातली..." मी अडकले. काय विचारायचं? आईने विचारलं, "दाखल व्हायच्या आधी आम्हाला आत जाऊन बघता येईल अशी?"

बाईंनी बोट रकान्यावरून खाली नेलं. "एक. सरकारी हॉस्पिटलचं आहे, पाण्याच्या टाकीमागे. भेटीची वेळ, कधीही." मग जरा थांबून म्हणाल्या, "न्यायला गाडी येत नाही. असा रकाना नाही, पण आलं तोंडातून."

जिना उतरताना मी म्हटलं, "आई, यांनी आपल्याला मुद्दाम तिथेच वळवलं नसेल ना? यांचंही काही ठरलेलं असेल तर?"

"तुझं मीटर कधी बंद होतं गं?" आई म्हणाली. पण तिलाही तसं वाटलं असणार, कारण ती पुढच्या पायरीवर एक क्षण थांबली.

आम्ही रस्त्यावरूनच टाकीमागे फोन लावला. खूप वेळ वाजला. मग एक बाई खेकसल्यासारखं बोलली, "व्यसनमुक्ती, बोला." ना ताई, ना बेटा, ना आम्ही आहोत ना.

आईने सांगायला सुरुवात केली, तर तिने मधेच तोडलं. "शेवटची कधी घेतली?"

"शनिवारी. रविवारपासून एकदम बंद केली."

"एकदम? कुणी सांगितलं?"

"ते... मार्गदर्शनवाल्यांनी."

मग ती खालच्या आवाजात, भराभर म्हणाली, "नीट ऐका. खूप पिणाऱ्याची अशी एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. झटके आले, नसलेलं काही दिसायला लागलं, तर आमच्याकडे नाही, सरळ हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात. नाहीतर उद्या सकाळी घेऊन या. एक खाट आहे, दुपारपर्यंत धरून ठेवते. पुढे नाही."

तीन दिवस मी पत्रकं, क्रमांक, शिक्के तपासत बसले होते, आणि त्या घामाकडे मी नीट बघितलंच नव्हतं.

घरी जाऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "यांचं कमिशन किती आहे?"

हा प्रश्न त्यांना मीच शिकवला होता.

बुधवारी गाडी नऊला नाही, साडेआठला आली. आम्ही पायांत चपला सरकवत होतो. बाबा येतो म्हणाले नव्हते, येत नाही असंही म्हणाले नव्हते, फक्त बॅग हातात घेऊन जिना उतरले होते. खाली पांढरी गाडी उभी, मागचं दार उघडं, आणि दाराशी लोणी.

मला वाटलं होतं, गुबगुबीत असेल. तो सडपातळ होता, डोळ्यांखाली काळं, इस्त्रीचा शर्ट. बाबांची बॅग त्याने अलगद काढून घेतली.

"काका, मी स्वतः सहा वर्षं सुटलोय यातून," तो म्हणाला. "कळतं मला."

सगळ्यात भीतीदायक काय, तर ते मला खरं वाटलं.

बाबा गाडीत बसले. असेच. चालत्या माणसाने बाकावर टेकावं तसे.

"बाबा!" मी ओरडले. आणि मग मी सुटलेच. "तुम्हाला केंद्राकडून पैसे मिळतात ते लेखी द्यायचा नियम आहे! द्या!"

लोण्याने खिशातून कागद काढून दिला. छापील, शिक्क्यासकट. खाली बारीक अक्षरांत: सेवेला केंद्राकडून मोबदला मिळतो. "आम्ही काही लपवत नाही बेटा."

"विचारपूस केली नाहीत तुम्ही!"

"प्रवासात करू ना. तासभर आहे."

"तिन्ही केंद्रं एकच आहेत!"

"असं कसं? तीन टोकांना आहेत तिन्ही. आपण आज रोपट्याच्या तिथे चाललोय, शांत परिसर आहे." त्याच्या प्रत्येक वाक्याला गुळगुळीत कडा होत्या. वादविवादात असता तर माझी ढाल यानेच नेली असती.

आतून बाबांचा आवाज आला, अगदी सहज, धंद्यातला माणूस दुसऱ्याशी बोलतो तसा. "तिथल्या लिफ्टचं दार दोनदा अडखळतं. बघून घ्या."

"हो ना काका," लोणी वैतागून म्हणाला. "चार महिने सांगतोय, आमच्या ऑफिसच्या मजल्यावर तर पार..."

तो थांबला.

"रोपट्यात की पक्ष्यात?" बाबांनी विचारलं.

लोणी माझ्याकडे बघेना, आईकडे बघेना, आणि मी विजयाने उड्या मारायच्या बेतात होते, पण बाबा गाडीतून हलले नाहीत. त्यांनी डोकं मागे टेकलं.

"मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "दुसरीकडेही हेच असेल. हा निदान दारात आलाय. मला नाही आता बसची रांग झेपत." त्यांचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते, थरथर दिसू नये म्हणून.

मी दाराशी वाकले. माझ्याकडे एक मोठं भाषण तयार होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"बाबा, टाकीमागचं केंद्र चांगलं आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. त्या ऑफिसातल्या बाई खऱ्या होत्या की नाही, तेही माहीत नाही. पण आत जाऊन बघता येतं. नाही पटलं तर घरी येऊ. मी काहीही बोलणार नाही, शप्पथ."

बाबा लोण्याला म्हणाले, "तुमच्याकडे आज नुसतं बघून परत येता येईल?"

"परत कशाला यायचं काका? पहिले तीस दिवस फोनसुद्धा नाही. मन स्थिर होतं."

"खोलीला कडी आतून की बाहेरून?"

"सुरक्षेसाठी बाहेरून असते, पण..."

"वीस वर्षं मी अडकलेल्या माणसांना बाहेर काढतोय," बाबा म्हणाले, आणि एक पाय खाली टाकला. दुसरा टाकायला त्यांना गाडीच्या दाराला धरावं लागलं. "बॅग द्या."

लोण्याने बॅग दिली. आईला म्हणाला, "ताई, यांचं मन बदलतंय हीच आजाराची खूण आहे." आई त्याच्याकडे बघत म्हणाली, "असेल." आणि तिने बॅगेचा दुसरा बंद धरला.

बसला उभं राहावं लागलं. बाबा दांड्याला धरून डोळे मिटून होते आणि मी दर थांब्याला मोजत होते, अजून उतरले नाहीत, अजून उतरले नाहीत.

टाकीमागची इमारत बैठी निघाली. भिंतींचा रंग उडालेला, दारं सगळी उघडी. एका खोलीत चार माणसं पत्ते खेळत होती आणि एक जण दुसऱ्यावर पत्ता लपवल्याचा आरोप करत होता. मला जरा बरं वाटलं. फोनवर खेकसणारी ती सिस्टर होती, ठेंगणी, हातात रक्तदाबाचं यंत्र.

"मी नुसतं बघायला आलोय," बाबा दारातच म्हणाले.

"बघा ना. बघताना दंड द्या."

तिने पट्टा गुंडाळला आणि विचारायला लागली. एकेक. कधीपासून. सकाळी उठल्या उठल्या लागते का. कधी पडलात का, झटके कधी आले का. झोप. जेवण. बाबा उत्तरं देत होते, तुटक तुटक. मी भिंतीला टेकून तिच्या प्रत्येक प्रश्नावर नजर ठेवून होते.

"रविवारपासून थेंबही नाही ना?" तिने लिहिता लिहिता विचारलं.

"नाही हो, मी स्वतः बाटली ओतली," आई म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. सिस्टरने पेन थांबवलं. मग तिने आमच्या दोघींकडे मानेने खूण करत बाबांना विचारलं, "या बाहेर बसू देत का?"

"नको," बाबा म्हणाले. "असू देत." त्यांनी घसा साफ केला. "खोटं आहे ते. रोज घेतलीय. कमी, पण रोज. आमच्या इमारतीत खाली मीटरची खोली आहे, तिची किल्ली माझ्याकडे असते. तिथे आहे. आज सकाळीही, जिना उतरल्यावर."

त्या गोड माणसावर, त्याच्या कागदांवर, सरकारी बाईंवर, आईच्या स्क्रूड्रायव्हरवर, सगळ्यांवर मी संशय घेतला होता. या एका माणसावर नाही.

"बरं झालं सांगितलंत," सिस्टर म्हणाली, जसं काही त्यांनी आपल्या बुटाचं माप सांगितलं होतं. "नाहीतर औषधाचा हिशेब चुकला असता. किती? खरं सांगा, मला आकडा लागतो."

बाबांनी आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. मी अंदाज केला होता त्याच्या तिप्पट होता.

तिने लिहिला, त्याखाली रेघ मारली. "खाट शेवटच्या खोलीत आहे, खिडकीजवळ. बघून झालं असेल तर घरी जायचं की थांबायचं ते सांगा, म्हणजे मी डॉक्टरांना बोलवते."

बाबांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. आईने हात पुढे केला, पण त्यांनी तो तिला दिला नाही. कडीतून एकच किल्ली काढायला बघत होते, आणि नख पुन्हा पुन्हा घसरत होतं. असली बारीक कामं आई दिवसभर करते, ती पुढे झाली, आणि मी तिचं मनगट धरून तिला थांबवलं. पलीकडच्या खोलीत पत्त्यांचं भांडण चालूच होतं. सिस्टर पेन टेकवून थांबली होती.

बराच वेळ लागला. मग किल्ली निघाली आणि त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

"बोलवा डॉक्टरांना," ते म्हणाले.